अर्ध्या पोळीचे अनुदान

ता. ४ जून १९६१, रविवार. ठिकाण चामराजपेट, अध्यक्षांच्या घराची मागची पडवी. शिल्लक रुपये सत्तावीस, नये पैसे पन्नास. हजर चौघे: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांच्यासाठी सभा बोलावली होती त्या बाई. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून बाई मुलांच्या बाकावर बसल्या.

त्या पडवीत तीन वर्षे बहिऱ्या मुलांचा वर्ग भरत होता. मराठी घरांतली नऊ मुले. त्यांत माझी आठ वर्षांची मुलगी. ती बाईंकडे येईपर्यंत तिला काहीही हवे असले की ती ओरडत असे, आणि काय हवे ते आम्ही घरातल्या वस्तू एकेक करून तिच्यापुढे धरून शोधत असू. आता ती आमच्या ओठांकडे पाहून बरेचसे समजून घेई आणि वीसेक शब्द स्वतः बोले. सर्वांत स्वच्छ शब्द ‘नको’. तेवढा आला तरी घरातली निम्मी भांडणे मिटली.

बाई मुंबईला हे शिक्षण घेऊन आलेल्या. इकडच्या नात्यातल्या कोणाकडे राहत. त्यांना आम्ही महिन्याला वीस रुपये हातखर्च देत होतो, आणि जेवण वारांनी. वार लावणे ही आपल्याकडची जुनी सोय. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे झाली की आठवडा निभावला. ही सोय पोरांसाठी होती. आमच्या अध्यक्षांनी ती पस्तिशीच्या शिक्षिकेला लावली आणि तिला संस्थेचा कणा म्हणू लागले. रविवार खुद्द त्यांच्या घरचा. बाई तीन वर्षे जेवत होत्या: सोमवारी तिखट, मंगळवारी अळणी, बुधवारी उपदेश.

अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचे घराणे इकडे इतक्या पिढ्या राहिलेले की मराठीत त्यांना राग येई आणि कानडीत उतरे. चिकपेटेत त्यांचे कापडाचे दुकान होते. सेक्रेटरी पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर. बंगळूरला येऊन चार वर्षे झाली होती आणि इथल्या हवेखेरीज त्यांना इथले काहीच पटलेले नव्हते.

बाई म्हणाल्या, “मद्रासच्या एका शाळेनं बोलावलंय. नव्वद रुपये आणि राहायला खोली. मार्चअखेर कळवायचं आहे.”

“जाणार काय?” अण्णांनी विचारले.

“मला नव्वद नकोत. पंचेचाळीस रोख द्या आणि माझी चूल मला मांडू द्या. मी राहते.”

“आमच्या घरचं जेवण कमी पडतं काय, बाई?”

“कमी नाही पडत, अण्णा. जास्त होतं.”

अण्णांना हे कौतुक वाटले.

महिना पंचवीस रुपयांची तूट होती. नऊ घरांपैकी चार घरांना आहे तीच वर्गणी जड जात होती. तेव्हा राहिले सरकार. अशा शाळांना सरकार अनुदान देते असे आम्ही ऐकून होतो. इथले की दिल्लीचे, किती, कोणाला, कोणत्या अटीवर, हे कोणालाच ठाऊक नव्हते. “आधी माहिती गोळा करू,” असे ठरले आणि प्रत्येकाने ती आपापल्या स्वभावाप्रमाणे गोळा केली.

सेक्रेटरी म्हणाले, “डेटाशिवाय आपण बोलूच शकत नाही.” त्यांनी कारखान्याच्या ग्रंथालयातून परदेशातल्या शाळांवरचे एक पुस्तक आणले आणि जुलैच्या सभेत त्यातली टिपणे वाचली. तिकडे प्रत्येक मुलाच्या कानाला यंत्र असते, भिंतींना जाड कापड असते, जमिनीला गालिचा असतो. आमच्या पडवीच्या जमिनीला शेण होते. मग त्यांनी एक प्रश्नावली तयार केली, ती सायक्लोस्टाइल केली आणि देशभरातल्या चाळीस संस्थांना पाठवली. अकरा उत्तरे आली. दोघांनी देणगी मागितली. उरलेल्या नऊ जणांनी लिहिले की अनुदानाबद्दल काही कळल्यास कृपया आम्हांलाही कळवावे.

मी कचेऱ्या फिरलो. पहिल्या कचेरीत म्हणाले, शाळा खरी, पण मुले अपंग, तेव्हा हा कल्याणाचा विषय. कल्याणाच्या कचेरीत म्हणाले, मुले अपंग खरी, पण ती शिकतात, तेव्हा हा शिक्षणाचा विषय. तिसरीकडे एका गृहस्थांनी सांगितले की कान बरा होण्यासारखा असेल तोवर तो आमचा. बरा न होणारा कान आमच्याकडे येत नाही. मी तीन अर्धे दिवस रजा घेतली होती. “मग न होणारा कुठे जातो?” असे मी विचारले. “स्वल्प थांबा,” असे म्हणून ते चहाला गेले.

अण्णांनी काहीच केले नाही. त्यांनी फक्त दिल्लीतल्या एका दूरच्या भाच्याला पत्र टाकले, आणि सप्टेंबरात त्याने नियमांची छापील पुस्तिका पाठवली. यावरून अण्णांनी काढलेला निष्कर्ष असा की माहिती ही नात्याने मिळते, पायपिटीने नाही. मला तो आजही खोडता आलेला नाही.

पुस्तिका बावीस पानांची होती. ती अण्णांनी पिवळ्या रेशमी फडक्यात बांधून कपाटात ठेवली आणि कोणाच्या हाती दिली नाही. दर रविवारी सभा भरवायची, सेक्रेटरींनी उभे राहून इंग्रजीतून वाचायचे, मग मराठीत अर्थ सांगायचा, मग चर्चा. पोथी लावावी तसा प्रकार. पहिल्या रविवारी प्रस्तावनेवर दोन तास गेले.

“शेवटची तारीख आणि रक्कम एवढी दोन कलमं आधी पाहू या,” मी म्हणालो.

“क्रमानं,” अण्णा म्हणाले. “तुम्ही हिशेबाचे लोक जेवायला बसलात तरी आधी ताक मागाल.”

नववे कलम चौथ्या रविवारी आले. त्यात दोन्ही होते. अर्ज ऑक्टोबरअखेर पोचायला हवा. तो पोचायला नऊ दिवस उरले होते. आणि अनुदान मिळणार ते संस्थेने मागील वर्षी केलेल्या खर्चाच्या निम्मे.

मी तिथेच कागदावर मांडले. बाईंचा हातखर्च वर्षाचा दोनशे चाळीस. खडू, पाट्या, उच्चार शिकवायचे आरसे मिळून सत्त्याऐंशी. एकूण तीनशे सत्तावीस. निम्मे एकशे साडेत्रेसष्ट. महिन्याला पडतात साडेतेरा. वीस आणि साडेतेरा साडेतेहेतीस. बाई मद्रासला जाणार.

“पण बाई वर्षभर जेवल्या,” मी म्हणालो. “तो खर्चच आहे. दिवसाला रुपया धरा. तीनशे पासष्ट त्यात मिळवा, म्हणजे भागतं.”

अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवळातल्या घंटेचे वजन विचारले. “अन्नाची किंमत लावायची? आम्ही खाणावळ काढली नाही.”

सेक्रेटरींना पापपुण्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना काटकसर मिरवायची होती. “उलट कमी खर्चानंच इम्प्रेशन पडेल,” ते म्हणाले. “एवढ्याशा पैशात एवढं काम. सरकार खूश होऊन जास्त देईल.”

“निम्मे म्हणजे निम्मेच. खूश होऊन दोनतृतीयांश होत नाहीत.”

दोघे विरुद्ध एक. अर्ज तीनशे सत्तावीसचा गेला. वर सेक्रेटरींचे एक वाक्य होते की ही संस्था समाजाच्या त्यागावर जवळजवळ विनाखर्च चालते. आयुष्यात मी इतके महाग वाक्य दुसरे पाहिले नाही.

नोव्हेंबरात तपासनीस आले. कानडी गृहस्थ, छत्री आणि कापडी पिशवी. आधी ते वर्गात बसले. बाई माझ्या मुलीच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ शिकवत होत्या. उच्चार बरोबर आला की पट्टी हलते. ती चौथ्या वेळी हलली. तपासनिसांनी पट्टी स्वतः हातात घेतली आणि तिला पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा हलली. मग त्यांनी वही उघडली.

“बाईंना पगार काय?”

“पगार नाही,” अण्णा छाती काढून म्हणाले. “अन्न. सात घरांचं.”

“सरी, सरी,” म्हणजे ठीक, ठीक, म्हणत त्यांनी लिहिले, मग पेन थांबवले. “सरकार खर्चाच्या निम्मं देतं. तुमचा खर्च जेवण. मग आम्ही काय, अर्धी पोळी पाठवावी?”

बाई हसल्या. तीन वर्षांत त्या सभेपुढे हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

तपासनीस म्हणाले की जेवण धरता येते, पण किंमत लावून आणि ज्याने जेवण घातले त्याच्या सहीने. पंधरा दिवसांत पाठवा. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, “मी सही करणार नाही. अन्न विकून मला शाळा चालवायची नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, “कुणाची सही पाहिजे म्हणाले ते?”

“जेवण घातलं त्याची.”

“मग यांची कशाला?” त्या अण्णांकडे वळल्या. “तुम्ही एक दिवस तरी तवा ठेवला काय?”

“घर माझं आहे.”

“घराची सही नाही मागितली त्यांनी.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि सही केली. मग मी उरलेली सहा घरे केली. पुरुष सगळीकडे अण्णांसारखेच बोलले आणि बायकांनी सगळीकडे सही केली. अडचण वेगळीच निघाली. सेक्रेटरींच्या पत्नी रुपयाला तयार होईनात. त्या सव्वा म्हणत, कारण त्यांच्याकडे शनिवारी तूप असते आणि अमक्या घरी ते नुसते दाखवतात. त्या घरी हे कळले तेव्हा त्यांनी दीड सांगितला. अन्नाला किंमत नसते हे अण्णांचे तत्त्व या गल्लीत तीन दिवसही टिकले नाही. शेवटी मी सर्वांना सांगितले की सरकारला तूप कळत नाही, रुपया सरसकट.

सुधारलेला हिशेब सहाशे ब्याण्णवचा गेला. पुढे तीन महिने काही आले नाही. बाईंनी मद्रासला उत्तर लिहून ठेवले होते, पाकीट चिकटवायचे ठेवून. माझी पत्नी रोज मुलीला तयार करताना तिला जमतील तितके शब्द म्हणायला लावी, दुष्काळाआधी धान्य भरावे तसे. वर्षअखेर जवळ आली की सरकारी खात्यांना पैसे उरल्याची धास्ती वाटते, या एका गोष्टीवर माझा भरवसा होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली. अनुदान तीनशे वीस. शेरा असा होता की रविवारी वर्ग भरत नाही, सबब रविवारचे भोजन शैक्षणिक खर्चात धरता येत नाही. बावन्न दिवस वजा. म्हणजे सात घरांपैकी फक्त अण्णांच्या घरच्या अन्नाला सरकारने किंमत लावली नाही. मी हे त्यांना वाचून दाखवले. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, “आमचंच जेवण बरं दिसलं त्यांना कापायला?” आणि दुकानात निघून गेले.

तीनशे वीस म्हणजे महिना सव्वीस रुपये सहासष्ट. वीस मिळवले की सेहेचाळीस सहासष्ट. बाईंनी मद्रासचे पाकीट उघडून आतला कागद बदलला.

पुढच्या रविवारच्या सभेत सेक्रेटरींनी आपले बिल ठेवले: माहिती-संकलन, सायक्लोस्टाइल आणि टपाल, रुपये अडतीस, अनुदानातून मिळावेत. मी म्हणालो, अनुदान बाईंच्या पगाराचे आहे. सेक्रेटरींनी अण्णांकडे पाहिले.

“जेवणाला किंमत लावताना मला कोणी विचारलं नाही,” अण्णा म्हणाले. “आता कागदाला लावायला मला विचारू नका.”

१ मे १९६२ रोजी एप्रिलचा पगार बाईंना दिला: रुपये पंचेचाळीस, रोख, पावतीवर त्यांची सही. वार त्याच दिवशी बंद झाले. सेक्रेटरींना काही दिले नाही.