बाबांच्या संगणकाचा आवाज

काचबिंदूनं बाबांची नजर एकदम नेली नाही. आधी कडा गेल्या, मग हळूहळू मधलंही. महाल भागातल्या एका छापखान्यात तीसेक वर्षं प्रुफं वाचलेला माणूस शेवटी वर्तमानपत्र नाकाला लावून फक्त मथळे वाचायचा. पुढे तेही सुटलं.

मग आई वाचून दाखवायला लागली, रोज सकाळी, भाजी निवडता निवडता. लांबलचक बातमीचा तिला कंटाळा यायचा. मधले दोन-तीन परिच्छेद ती सरळ सोडून द्यायची आणि शेवटचं वाक्य वाचून पान उलटायची. बाबांना ते बरोबर कळायचं. "मधात काहीतरी सुटलं वं," ते म्हणायचे. "मतलबाचं सारं वाचलं," आई म्हणायची. यावरून दोघांची रोज थोडी कटकट व्हायची.

एकदा मी घरी गेले तर बाबा म्हणाले, "आता संगणक वाचून दाखवते म्हणे. तू तर दिवसभर त्याच कामात राहते. माह्यासाठी बसवून दे ना."

मी एका शेतीसंशोधन संस्थेत संगणकांची देखभाल करते. त्यामुळे हे काम मला एका दुपारचं वाटलं. माझा जुना संगणक मी त्यांच्या नंदनवन वस्तीतल्या घरी नेला, त्यावर लिनक्स ही प्रणाली टाकली आणि पडद्यावरचा मजकूर वाचणारा प्रोग्राम चालू केला. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. "जोडाक्षरं गिळून राहिला हा," ते म्हणाले. खरंच होतं ते. मला कळणारं मराठीसुद्धा मला कळत नव्हतं.

त्याच आवाजाची नवी, सुधारलेली आवृत्ती निघाल्याचं शोधल्यावर कळलं. पण आमच्या प्रणालीसाठी ती तयार स्वरूपात मिळत नव्हती. करणाऱ्यांनी लिहिलेला मूळ कोड तेवढा उपलब्ध होता. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्याच संगणकावर त्याचा चालता प्रोग्राम बांधायचा. ऑफिसात हे मी कितीदा केलेलं.

पहिल्या रविवारी मी आवाज घडवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कामांचा संच, बांधली, मग तिच्यावर चालणारा प्रोग्राम बांधला. पडद्यावरून ओळी भराभर सरकल्या, कुठेही अडलं नाही. मी खुशीत तो सुरू केला. एका ओळीची चूक दाखवून तो बंद पडला. ‘सिम्बॉल लुकअप एरर’, आणि पुढे एक लांबलचक नाव. प्रोग्रामनं लायब्ररीकडे एक काम नावानं मागितलं होतं आणि त्या नावाचं काहीच तिच्याकडे नव्हतं, असा त्याचा अर्थ. पण ती लायब्ररी तर मी अर्ध्या तासापूर्वी स्वतः बांधली होती. आत ते नाव होतं. मी उघडून बघितलं.

मी सगळं पुसून पुन्हा बांधलं. तीच ओळ. बांधण्याचे पर्याय बदलले, पुन्हा तेच. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. संध्याकाळी मी तशीच परत गेले.

दुसऱ्या रविवारी मी आणखी हट्टानं बसले. इंटरनेटवर लोकांनी सुचवलेलं एकेक करून बघत होते. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. मी काय करते आहे हे त्यांना दिसत नव्हतं, फक्त कळफलकाचा आवाज आणि माझे सुस्कारे ऐकू येत होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणते तो? वाचून दाखव ना मले."

"बाबा, ते तुमाले नाही समजणार," मी म्हणाले.

बाबा थोड्या वेळानं उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती चहाचे कप उचलून घेऊन गेली.

तो आठवडा माझा वाईट गेला. मी खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच समजलं नसतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली, त्याला मी वाचून दाखवायचंही नाकारलं होतं. आई निदान अर्धी बातमी तरी वाचायची. बुधवारी ऑफिसात एका सहकाऱ्याची अडचण सोडवताना मी त्याला शांतपणे दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि मधेच मला बाबा आठवले. परक्या माणसासाठी माझ्याकडे वेळ होता.

तिसऱ्या रविवारी गेल्या गेल्या मी म्हणाले, "बाबा, बसा इथं. मी सारं वाचून दाखवते."

"काहून? समजणार नाही ना मले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण खुर्चीवर यायला त्यांनी वेळ घेतला.

मी आधी त्यांना समजावून सांगितलं. पुष्कळ प्रोग्रामांना लागणारी कामं प्रत्येकात वेगवेगळी लिहिलेली नसतात. ती एका सामायिक लायब्ररीत असतात. प्रोग्राम सुरू झाला की संगणक ती शोधून आणून जोडतो.

"म्हणजे चित्राचा एकच ब्लॉक चार पुस्तकांत वापरतो तसं," ते म्हणाले.

"तसंच."

"मंग वाच. पण आमच्या कॉपीहोल्डरवानी वाच. टिंब, रेघ, सारं."

कॉपीहोल्डर म्हणजे प्रुफं तपासताना मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचणारा माणूस. तो अर्थ सांगत नाही, कागदावर असेल ते उच्चारतो. मी तसं वाचायला लागले. नवी लायब्ररी कुठे ठेवली गेली तो पत्ता आधी वाचला: "स्लॅश, यूएसआर, स्लॅश, लोकल, स्लॅश, लिब." बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग चूक दाखवणारी ओळ वाचली. मग मी एक आज्ञा दिली, तिच्यानं प्रोग्राम कोणकोणत्या लायब्ररी कुठून उचलतो त्याची यादी येते. ही यादी मी मागच्या दोन्ही रविवारी काढली होती. नाव दिसलं, समोर ‘सापडली नाही’ असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून पुढे सरकले होते. आता एकेक ओळ मोठ्यानं वाचत आमच्या लायब्ररीपाशी आले. "स्लॅश, यूएसआर, स्लॅश, लिब, स्लॅश..."

"थांब," बाबा म्हणाले. "मांगं लोकल होतं."

"काय?"

"मघा तू यूएसआर, लोकल, लिब म्हणाली. आता यूएसआर, लिब. मधात एक शब्द गळला. का तू गाळला?"

मी पडद्याकडे बघितलं. मी गाळला नव्हता. तिथे तो नव्हताच.

पुढचं समजायला मला क्षणच लागला. जुना आवाज मी काढून टाकला होता, पण त्याची लायब्ररी संगणकात तशीच राहिली होती. दोघींचं नाव तेच, जागा वेगळ्या. लायब्ररी कुठे कुठे आहेत याची एक यादी संगणक जवळ बाळगतो, आणि नवी बांधल्यावर ती यादी ताजी करायचं मी विसरले होते. त्यामुळे नवा प्रोग्राम दर वेळी जुन्या लायब्ररीला जोडला जात होता आणि तिला माहीत नसलेलं काम मागत होता. यादी ताजी करायला एका शब्दाची आज्ञा पुरते. ती मी दिली.

प्रोग्राम सुरू झाला. मी त्याला आईच्या हातातल्या वर्तमानपत्रातली एक ओळ टंकून दिली. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची बातमी होती, उद्या पाणी येणार नाही अशी. संगणकानं ती सपाट, नाकातल्या आवाजात, पण प्रत्येक जोडाक्षर फोडून वाचली.

"अगबाई, मंग आजच भरून ठेवा लागन," आई म्हणाली आणि बादल्या घेऊन उठली.

बाबांनी हात पुढे करून संगणकाची कड चाचपली आणि म्हणाले, "अजून एक दे."

त्यानंतर ते रोज दोन तास त्याच्यापुढे बातम्या ऐकत बसायला लागले. आईला सकाळ मोकळी मिळाली. उमरेडला तिच्या बहिणीकडे ती चार दिवस राहून आली. इतके दिवस ती बाबांना सोडून कधीच राहिली नव्हती. बाबांचं समाधान मात्र महिनाभरच टिकलं. मग एका संध्याकाळी फोन आला. "हा गुरांचा चारा आकड्यातल्या चारवानी वाचते. जग, जाळं, चोर, सारे तसेच. ह्याले हिंदीवाल्याची मराठी शिकवली कोणं?"

त्यांनी शब्द सांगितले, मी उतरून घेतले. पावणेदोनशे भरले. त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या मंडळींना मी ती यादी पाठवली. आठवड्याभरानं त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं. माणूस कुठल्या देशातला ते कळलं नाही. फरक लिहून समजत नाही, कोणी मराठी माणूस हे शब्द बोलून पाठवेल का, असं त्यानं विचारलं होतं.

एप्रिल होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि खसच्या ताट्या लावलेला कूलरही बंद केला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन त्यांच्या तोंडाजवळ धरून मी एकेक शब्द त्यांच्या कानात सांगायची आणि ते तो शब्द म्हणायचे, मधे सारखंच अंतर ठेवून. चार. चारा. जय. जग. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण तो पुसायला ते हात उचलत नव्हते. साठाव्या शब्दाला बाहेर कांदेवाला ओरडला, तेव्हा त्यांनी तो शब्द पुन्हा घ्यायला लावला. आई दाराशी पदरानं वारा घेत उभी होती, तोंडानं चकार शब्द न काढता.

ते उच्चार नव्या आवृत्तीत अजून आलेले नाहीत. बाबा मला दर रविवारी विचारतात. मी सांगते, काम चालू आहे. ते म्हणतात, "चालू दे. पण त्याले सांग, एकशे बारावा शब्द माह्याकडून जरा घाईत झाला. तो पुन्हा पाठवतो."