रायकर बाई आणि मोजून पाहण्याची खोली

प्रा. कुमुद रायकर, म्हणजे आम्हा सर्वांच्या रायकर बाई, यांच्याशी माझी ओळख नवीन पनवेलच्या एका टायपिंगच्या दुकानात झाली. तिथे मी मराठी मजकूर टाइप करतो. माझी दहावीही पुरी झालेली नाही, त्यामुळे बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्यांच्या प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या शेजारी लिहिताना भीती वाटते. शंका आली तो प्रत्येक शब्द कोशात पाहून लिहिला आहे.

बाईंनी मानसशास्त्राच्या आरंभीच्या इतिहासाचे हस्तलिखित आणले होते. पहिल्याच प्रकरणात इंग्लंडमधल्या एका वेधशाळेतला मदतनीस होता. दुर्बिणीतली रेषा ताऱ्याने ओलांडली की वेळ टिपायची, हे त्याचे काम. त्याची वेळ साहेबांच्या वेळेपेक्षा सेकंदाहूनही कमी अंतराने मागे पडे, एवढ्यावरून त्याला काढून टाकले. पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने ती हकिकत वाचून निरीक्षकांची तुलना केली, तेव्हा दिसले की असा फरक सगळ्यांच्याच वेळेत पडतो. मनाला लागणारा वेळ मोजण्याची वाट अशी निघाली आणि पुढे जर्मनीतल्या पहिल्या प्रयोगशाळेपर्यंत गेली.

मी हात थांबवून विचारले, त्या मदतनिसाला परत घेतले का. बाई नाही म्हणाल्या. मला त्या साहेबांचा फार राग आला, कारण जासईच्या कंटेनर यार्डातून मलाही असेच काढले होते. पेटीवरचा नंबर मी दोनदा पडताळत असे. "नंबर वाचतोस का पोथी?" असे सुपरवायझर चारचौघांत विचारी.

हे ऐकून बाई मला त्यांच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. निवृत्तीनंतरही ती खोली त्याच सांभाळतात. तिथल्या यंत्रावर दिवा लागला की कळ दाबायची आणि मध्ये गेलेला वेळ टिपायचा. आधी त्या स्वतः बसल्या आणि नोंद मला घ्यायला लावली. सुरुवातीच्या प्रयोगशाळांत प्राध्यापकही असेच पाळीपाळीने बसत, असे त्यांनी सांगितले. मग मी बसलो. पन्नास नोंदी तपासून त्या म्हणाल्या, "तुम्ही ढिले नाही. तुम्ही दोनदा पाहता. ती वेगळी गोष्ट आहे." मला अहो-जाहो करणाऱ्या त्या पहिल्याच.

आणि यंदा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेने काय ठरवावे? बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू ओळखून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीला हीच खोली द्यायची, यंत्रे भंगारात काढायची आणि फीत बाईंच्या हातून, त्यांच्याच अमृतमहोत्सवात कापून घ्यायची. ज्यांनी जन्मभर मोजल्याशिवाय एक विधान केले नाही, त्यांच्या सत्काराची ही कल्पना. हे लिहितानाही संताप होतो.

बाईंनी आवाज चढवला नाही. माझ्या दहा बोटांचे ठसे त्यांनी दोन कागदांवर घेतले आणि दोन निराळ्या नावांनी, निराळी वये लिहून कंपनीकडे पाठवले. दोन अहवाल आले. एकात मी उपजत पुढारी होतो, दुसऱ्यात माणसांना बुजणारा कलावंत. संस्थेच्या समितीच्या बैठकीला बाई मलाही घेऊन गेल्या. तिथे त्यांनी दोन्ही अहवाल टेबलावर ठेवले आणि ठसे एकाच माणसाचे असल्याचे सांगितले. संस्थेचे सचिव हसून म्हणाले, मॅडम, मशीनची चूक असेल.

"असेल ना. म्हणून आधी मोजून पाहायचं, मग फीत कापायची."

सत्कार घेईन तर त्याच खोलीत, यंत्रे जागेवर असताना, अशी अट बाईंनी घातली. समितीने ती मानली आणि कंपनीला नकार कळवला. पण उठता उठता सचिव म्हणाले, "ठीक आहे, बाई आहेत तोवर राहू द्या खोली." माना डोलल्या. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मला वाटले, पण तिथे बोलायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे लिहितो.

बाई शंभरी गाठोत, त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, प्रयोगशाळेचा जिना त्यांना कधी जड न जावो. पण ती वर्षे त्यांनी आपल्या लेखनासाठी, आपल्या आनंदासाठी जगावीत. एक खोली वाचावी म्हणून पंचाहत्तरीतल्या बाईंना जिवंत राहावे लागणार असेल, तर आपण, त्यांचे विद्यार्थी, मग आहोत तरी कशाला?