मासोळी कितीदा खाता?

चार म्हातारे तलावाच्या पाळीवर बसले की एकाने एक किस्सा सांगायचा, दुसऱ्याला दोन आठवायचे. आमच्या मच्छीमार सोसायटीचे किस्से असेच साठले आहेत. मी चौथीपर्यंत शिकलो, पण वीस वर्षं अध्यक्ष आहे. तपासणीवाले आले होते, तेवढंच सांगतो.

*

तलावाभोवती सोयाबीन. फवारणी झाली की लोक पंप नाल्यात धुतात आणि नाला तलावात येतो. गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी मासे उलटे तरंगले. मग दोन साहेब बर्फाची पेटी घेऊन आले. माशात औषध किती उतरलं ते बघायचं, नमुना द्या म्हणाले.

आमच्या शंकरने नाल्याजवळचे मासे आणले. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. सरकारी पाहुण्याला असलं देतात का? डोंगा तलावाच्या मधोमध नेला आणि चांगली चार किलोची रोहू काढून दिली. साहेब खूश. मीही खूश.

*

मासा तपासतात कसा, असं शंकरने त्यांना विचारलं. साहेब म्हणाले, डोकं, आतडी काढून टाकायची, नुसतं मांस घ्यायचं.

"डोकं फेकता?" शंकर म्हणाला. "मंग खाता काय?"

साहेब हसले. शंकर हसला नाही. आमच्याकडे बारीक मासोळी डोक्यापोटासकट रश्शात जाते.

*

पंधरा दिवसांनी एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी नीट समजावलं. लोक मासे किती खातात, त्यावरून माशात किती विष चालेल याची हद्द ठरते. क्वचित खाणाऱ्याला थोडं सोसतं, रोज खाणाऱ्याला नाही. म्हणून खरं सांगा.

आता सोसायटीचा एक नियम आहे. जाळ्यात बारीक मासोळी आली तर पाण्यात परत सोडायची, वाढू द्यायची. घरी नेताना सापडला त्याचं जाळं महिनाभर जप्त. नियम मीच केला. आणि रोज सकाळी सगळेच ती टॉवेलात बांधून घरी नेतात. माझा मुलगाही नेतो. मोठे मासे मंगरूळपीरच्या बाजारात जातात, बारीक आमच्या चुलीवर. सगळ्यांना ठाऊक, बोलत कोणी नाही.

मॅडमनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. खुर्चीवर मी. पहिला प्रश्न मलाच. मासे कितीदा खाता?

"महिन्यातून एखाद्या वेळी," मी म्हणालो. अध्यक्ष दुसरं काय सांगणार?

मग ओळीने सगळ्यांनी तेच सांगितलं. शंकर तर म्हणाला, मासोळी आपल्याला पचतच नाही. मॅडमना नवल वाटलं. एवढे मच्छीमार आणि मासे कोणीच खात नाही?

"हलवाई कधी पेढे खाते का, मॅडम?" शंकर म्हणाला. मॅडमनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

*

निकाल सांगायला मॅडम पुन्हा आल्या. या वेळी बायाही बोलावल्या होत्या. माझी सून सुनंदा मागे भिंतीला टेकून बसली. तिला सातवा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, हे पहिलंच.

मॅडम म्हणाल्या, माशात औषध निघालं आहे, पण तुम्ही खाता तेवढ्याने धोका नाही. महिन्यातून एखाद्या वेळी खुशाल खा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदा भिंत धरून उभी राहिली.

"अन् रोज खाल्ली तं, मॅडम? डोक्यासकट?"

मॅडम थांबल्या. रोज नाही चालायची, म्हणाल्या, आणि पोटुशी बाईला तर अजिबात नाही. "पण इथं रोज कोण खातं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

सुनंदा खाली बसली.

दिवस मावळताना तिने मला ताट वाढलं. बारीक मासोळीचा रस्सा, भाकर. आमच्यात पुरुष आधी जेवतात, सून मागून. मुलगा सकाळची मासोळी घरी ठेवून बाहेरगावी गेला होता. मी ताट संपवलं. पुन्हा वाढायला सांगितलं. ते संपवलं आणि पातेलंच पुढे ओढून घेतलं.

"मामाजी, मले काय राहीन?" ती म्हणाली.

"भाकर खाय चटणीसंगं," मी म्हणालो, आणि तळाची मासोळीही खाल्ली.