टाइट आणि जाम

टाइट हा शब्द मोठा खादाड. इंग्रजीतून पाहुणा म्हणून आला आणि घरोघरी जेवायला बसला. बरणीचं झाकण टाइट, पोरीचे बूट टाइट, महिनाअखेर सगळ्यांचा हात टाइट, आणि कुणी ढोसून भिंत धरत आला की तोही टाइटच. मेळ्यात नट आवळणाऱ्या पानेवालीच्या तोंडी मात्र त्याला एकच काम होतं.

तिच्या सासरचं मोठं चक्र होतं, लोकांना पाळण्यात बसवून आभाळात फिरवून आणणारं. मेळ्याबरोबर ते गावोगाव जायचं. नव्या मैदानावर उभं राहिलं की हातभर लांबीचा पाना घेऊन एकेका पाळण्याचे नट बघायचे आणि खाली ऐकू जाईल असं ओरडायचं, "टाइट!" हे काम आधी तिच्या नवऱ्याचं. तो गेला, पाना तिच्याकडे आला.

त्याने दागिने मागे ठेवले नाहीत, शहाणपण ठेवलं. "टाइट वेगळं आणि जाम वेगळं," तो सांगायचा. "पक्का बसलाय म्हणून हलत नाही तो टाइट. गंजलाय, चिकटलाय, रुसलाय म्हणून हलत नाही तो जाम. हाताला दोन्ही सारखेच लागतात. म्हणून आधी जरा उलटा सोडायचा, मग आवळायचा."

ती रोज तसंच करायची. त्या दिवशी दोरीपलीकडे लोक आधीच जमले होते आणि धाकटा दीर, ज्याच्या हाती चक्राची दांडी असायची, खालून टोमणे मारत होता.

"वहिनी, नट बघताय का नवरी? पसंत पडेना झालीय एकही."

"तुमच्या वेळी घाई केली, भावजी, म्हणून आता बघून घेते."

लोक हसले, तीही हसली. त्या हसण्याच्या भरात निळ्या पाळण्याला पाना लावला, नट हलला नाही, आणि तोंड हाताच्या पुढे पळालं. "टाइट!"

चक्र सुरू झालं. घरच्यांना बसवून पहिला चाचणीचा फेरा झाला, मग गर्दी चढली. ती बादलीशी बसून पाना पुसू लागली. पुसता पुसता फडक्यावर निळा भुगा आला. पान्याच्या जबड्यात निळ्या रंगाची पापडी अडकली होती.

रंग नेहमी नट बघून झाल्यावर लागायचा. पण ट्रकमध्ये निळा पाळणा खरचटला होता, म्हणून दिराने सकाळीच, नुसता बोटांनी बसवलेल्या नटासकट, ब्रश फिरवला असणार. उन्हात रंग वाळला. तिने आवळलं होतं ते रंगाला.

वर बघितलं. निळ्या पाळण्यात एक बाई आणि दोन पोरं. पोरं पाय झाडून पाळण्याला झोके देत होती.

ती दांडीशी गेली. "भावजी, हळू करा. निळा खाली घ्या."

"आत्ता? रांग बघा किती आहे."

"निळ्याचा नट टाइट नाही."

"तुम्हीच तर ओरडलात. मी या कानांनी ऐकलं."

"ओरडले. तो जाम होता. तुमच्या रंगाने."

दिराचा चेहरा उतरला, पण मान ताठ. "म्हणजे चूक माझी?"

"चूक कुणाची ते जेवताना वाटून घेऊ. आधी हळू करा. झटका देऊ नका."

झटक्याने थांबवलं तर पाळणे हिसका खातात, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने दांडी तसूतसूने ओढली. चक्र मंदावलं. निळा अजून माथ्यावर, आणि पोरांना वाटलं फेरा संपला. थोरला उभा राहायला लागला.

खरं सांगितलं तर बाई घाबरून उठेल. पानेवालीने आवाजात साखर घोळली. "अहो ताई, खाली बसवा त्याला. वर वारा आहे. समोरची दांडी घट्ट धरा आणि हात सोडू नका, पडाल."

बाईने पोराला कॉलरला धरून बसवलं. निळा उतरू लागला. मध्येच कुठेतरी लोखंड कुरकुरलं. दिराच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पानेवाली हात वर करून उभी. पाळणा तिच्या खांद्याशी आला, तिने दोन्ही हातांनी कवटाळला.

"उतरा."

"आमचा फेरा अर्धाच झाला," धाकटं पोर कुरकुरलं.

"उरलेला उद्या घे, राजा."

ती तिघं गेल्यावर तिने नखाने रंग खरवडला आणि नटाला नुसती बोटं लावली. नट फिरला. बरणीच्या झाकणासारखा आरामात.

दिराने ते बघितलं.

"आवळा आणि चालू करू," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"नाही. एकेक पाळणा उतरवा. सगळेच परत बघायचे."

"बाकीच्यांना मी रंग लावलाच नाही, वहिनी."

"ते तुम्हाला ठाऊक. मी आज घाईत बघितलेत, ते मला ठाऊक."

रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. दिराने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा चक्राकडे. मग तिकीट देणाऱ्या आपल्या सुनेला हाक मारून म्हणाला, "लोकांना सांग, आज बंद. उद्या या म्हणावं." आणि पेटीतून दुसरा पाना काढून वहिनीच्या पाठोपाठ पुढच्या पाळण्याशी गेला.

"आधी उलटा सोडा," ती म्हणाली.