काचघरातला तरवड

सुमन, चौथी शिकलेल्या तुझ्या जाऊबाईने हे लिहिले आहे. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल आणि अक्षराला हसू नकोस.

सिंगापूरला उतरले त्याच दिवशी सुहासच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये घट बसवले. बाजारात झेंडू होता, शेवंती होती, तरवड नव्हता. तिसरी माळ तरवडाची, हे आपल्या घरात ठरलेले. यंदा चुकणार म्हणून मला घास गोड लागेना. लेकाला सांगायचीही भीड वाटली.

तिसऱ्या दिवशी नात ईशाने कॉलेज बुडवून मला एका मोठ्या काचघरात नेले. बाहेर घामाच्या धारा, आत शाल पांघरावी असा गारवा! देशोदेशीच्या वाळवंटांतली झाडे तिथे लावली आहेत. एका वळणावर पिवळेधमक झुडूप दिसले आणि चारचौघांत तोंड न उघडणारी मी ओरडलेच, "अगं, तरवड!"

ईशाने पाटी वाचली. इथल्या लोकांसारखे 'लाह' शेपूट लावत म्हणाली, "नॉट तरवड लाह, आजी. हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं रानफूल आहे."

जवळून पाहिले. पाकळ्या पाच, मधले केसर तपकिरी, अगदी आपलाच! पण तरवडाची पाने चिंचेसारखी, ह्याची सुईसारखी आणि रुपेरी. माझे तोंड उतरले. ईशाने फोनवर तरवड शोधून फुलाशेजारी धरला. "सेम फॅमिली! कझिन आहेत, आजी!"

चुलतबहीण! मग माळेला चालणारच. माझा हात आपोआप फांदीकडे गेला.

"ऑन्टी, कॅनॉट!" शेजारी छाटणी करणारी चिनी बाई ओरडली. मी हात मागे घेतला. ईशाने तिला देवी, घट, माळ सगळे समजावले. बाईने जमिनीवर पडलेली फुले दाखवली, ही घ्या म्हणून.

"पडलेलं फूल वाहत नाहीत गं, तिला सांग," मी पुटपुटले.

ईशाने सांगितल्यावर बाई हसली. तिच्याही घरी देव्हारा होता. त्या झुडपाच्या काही डहाळ्या वाटेवर आल्या होत्या, त्या तिला छाटायच्याच होत्या. कात्री चालवली आणि एकही फूल खाली पडू न देता तिने त्या माझ्या पदरात टाकल्या. "टेक, ऑन्टी, टेक!"

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी एकटीच हसत होते.

"आजी, लोक बघतायत."

"बघू देत!"

माळ वीतभरच झाली. दोन्ही टोकांना शेवंती ओवून ती घटापर्यंत पोचवली. सुहास हात जोडता जोडता थांबला. "आई, इथे तरवड कुठून आणलास?"

"तरवड नाही, बाबा," ईशा म्हणाली, "त्याची ऑस्ट्रेलियाची बहीण. नवरात्राला आलीय."

इथल्या उंच इमारतींचे वर्णन मला जमायचे नाही. पण तिसरी माळ चुकली नाही, सुमन. आणि मी अनोळखी देशात ओरडले, तरी काही बिघडले नाही.