टॉर्चबाई आणि रात्री दोनचं दुखणं

ओव्हरऑलच्या खिशात कायम टॉर्च खोचलेला, म्हणून कारखान्यात सगळे तिला टॉर्चबाईच म्हणायचे. नऊ वर्षं ती रात्रपाळीची मेंटेनन्स इंजिनिअर. "रात्री मशीन आणि मी! मध्ये लुडबुडायला कुणी नाही," असं मजेत सांगायची.

पण बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या नव्या मशीननं तिला जेरीस आणलं. रोज रात्री दोननंतर ते खाडकन बंद पडे. दिवसा मात्र अगदी गुण्यागोविंदानं चाले. तिनं सेन्सर बदलला, मोटर तपासली, वायर न् वायर पाहिली. छे! शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या पाळीतच काहीतरी गडबड होतेय." ते तिला फार लागलं.

त्या रात्री मशीन पुन्हा थांबलं. ती वैतागून कँटीनमध्ये पाणी प्यायला गेली. वर पंखा नुसता सुसाट.

"मामा, हा एवढा जोरात का फिरतोय?" तिनं म्हाताऱ्या ऑपरेटरला विचारलं.

"रोजचंच आहे. संध्याकाळी वारा लागत नाही, आणि या वेळेला टोपी उडवतो."

ती ताडकन उठली. "मामा, मीटर आणा! पळा!"

मीटर लावला, तर व्होल्टेज चारशे पासष्ट! दिवसा चारशे पंधरा असायचं. आजूबाजूचे कारखाने रात्री दोनपर्यंत बंद होत, मग वीज ओढायला कुणी नाही. म्हणून व्होल्टेज चढायचं आणि ते न सोसून मशीनची मोटर चालवणारा ड्राइव्ह स्वतःच बंद व्हायचा.

तीन रात्री तिनं दर अर्ध्या तासाला आकडे टिपले आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. रविवारी वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरचं सेटिंग खाली आणलं.

सोमवारी रात्री दोन वाजले. सगळे मशीनभोवती गोळा. अडीच. तीन. झाकणं टकाटक बसतच होती!

"बाई, आता श्वास घ्या," मामा म्हणाले, आणि एकच हशा पिकला.

सकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक माझी होती."

घरी पोचताच तिनं दारातच सासूबाईंना सगळं एका दमात ऐकवलं. त्यांना व्होल्टेजमधलं ओ की ठो कळलं नाही. तरी त्या खुशीत म्हणाल्या, "अगं, बूट तरी काढ! आणि साहेब काय म्हणाला, ते परत सांग. सावकाश."