विहारात वाचलेली कादंबरी

इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या यच्चयावत कादंबरीकारांना लंडन-न्यूयॉर्कहून हाताला धरून आमच्या डोंगरकडा गावी आणणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि ते माझे थोरले मामा. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. पण शिकवणं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारे अर्थातच मामा. एका वर्षी ग्रंथ संपला, तरी बायांची ऐकायची सवय सुटेना. तेव्हा मामांनी घरातली एक इंग्रजी कादंबरी आणली आणि तिच्यात पाहून सरळ मराठीत सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून ती प्रथाच पडली. गंमत एवढीच, की बाया ग्रंथाच्याच शिस्तीने बसत, पांढरी लुगडी नेसून, हात जोडून. नायिकेने शिकागोत नवऱ्याला सोडलं, तरी प्रकरण संपताच सगळ्या एका सुरात "साधु, साधु, साधु" म्हणत. मामांना त्यात काही वावगं वाटत नसे.

कादंबरी पारखायची त्यांची रीतही जगावेगळी. परदेशातला नायक आंब्याच्या आठवणीने हळहळला, की मामा चष्मा काढून म्हणत, "पाहा, गिऱ्हाईक पाहून माल मांडून राहिला." टेम्स नदी आली, की आपल्या सिद्धेश्वर धरणाची थोरवी सांगितल्याशिवाय ते नायकाला पूल ओलांडू देत नसत. जवळा बाजार गावच्या बाजारपेठेत गेले, की कापूस घेऊन आलेल्या माणसांना गाठून विचारत, "तुमच्या कापसाचा भाव अमेरिकेत हलतो, मग अमेरिकेतल्या कादंबरीत जवळा बाजार काहून न्हाई?" ती बिचारी मान डोलवून त्यांना चहा पाजत. मी एकदा म्हटलं, "मामा, जग कुठूनही दिसतंच की." ते म्हणाले, "दिसतं बराबर. पण पाहणाऱ्याच्या घरी वाट कोण पाहून राहिलंय, ते पुस्तकात यायला पाहिजे."

मामांची एकुलती एक लेक आयर्लंडमध्ये नर्स आहे. मामी गेल्या तेव्हा ती आली नाही. का आली नाही ते मामांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. त्यानंतर फोनवर फक्त तब्येतीपुरतं बोलणं उरलं. कादंबरीतल्या जगभरच्या पोरींची बाजू घेऊन भांडणारा हा माणूस स्वतःच्या पोरीबद्दल अवाक्षर काढत नसे. मला त्यांचा राग यायचा.

गेल्या वर्षी तिने लिहिलेली इंग्रजी कादंबरी छापून आली. बायांना कुणकुण लागली, मग त्या ऐकतात कुठल्या! मामा नको नको म्हणत वाचायला बसले. गोष्ट परदेशात गेलेल्या आपल्याकडच्याच मुलीची होती. एका संध्याकाळी मीही तिथे होतो. नायिकेला तिच्या आजारी आईचा फोन येतो, ते प्रकरण चाललं होतं. वाचताना कधी न अडखळणारे मामा एकाएकी थांबले. मग एकेक शब्द वेचत सांगू लागले, "लेकरा, येऊ नको. तुझे कागद अडकून राहिले. आता देश सोडला, तर ते तुला परत घेणार न्हाईत. मी बाबाला सांगते बराबर." समोर छापलेलं इंग्रजी होतं, पण बोलणं थेट मामींचं होतं.

मामांच्या घराशेजारच्या काकूंनी जोडलेले हात सोडले. "व्हय सर, अशीच बोलली ती. फोन म्याच धरला व्हता तिच्या कानाशी. दुसऱ्या दिवशी ती बेसुद्ध झाली, तुमाला सांगायचं राहून गेलं तिचं."

"मंग तुमी काहून न्हाई सांगितलं मला?"

"मला वाटलं पोरीनं सांगितलं असंल. तुमी तिला इचारलंच न्हाई व्हय?"

मामांनी पुस्तक मिटलं आणि तिथेच बसून लेकीला फोन लावला. एकही बाई उठली नाही. "बाबा? सगळं ठीक आहे ना?" हे तिने घाबरून विचारलेलं मलाही ऐकू आलं.

"ठीक हाय, लेकरा," मामा म्हणाले. "तुझ्या मायीचा निरोप आज पोचला."

पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं, आणि सगळ्या बायांसमोर मामाही रडले.

पुढची प्रकरणं अजून वाचायची राहिली आहेत. लेक आल्यावर तिनेच वाचावीत, असं मामा म्हणतात. कागदांचं काम अजून तिकडच्या कचेरीतच आहे. बापलेक आता रोज बोलतात, कधी भांडतातसुद्धा, आणि मामा तिला आंब्यावर लिहिल्याबद्दल रागावतात. हे ऐकायला मामी हव्या होत्या, असं मला फार वाटतं.